डोहाळजेवणाच्या कितीतरी आधी

गरोदरपणाच्या पहिल्या दोन आठवड्यांत बाई गरोदर नसतेच. वाचायला विचित्र वाटतं, पण दवाखान्यातला हिशोब तसाच चालतो. बीजधारणा नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सहसा कुणालाच सांगता येत नाही. शेवटची पाळी कधी आली ती तारीख मात्र बहुतेकींना आठवते. म्हणून मोजणी त्या तारखेपासून धरतात आणि ४० आठवड्यांनी, म्हणजे २८० दिवसांनी, बाळंतपणाची तारीख काढतात. प्रत्यक्ष बीजधारणा होते त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी. त्यामुळे डॉक्टर ‘सहा आठवडे झाले’ म्हणतात तेव्हा आतला जीव जेमतेम चार आठवड्यांचा असतो.

तारीख काढायची सोपी रीत नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने मिळवायचे आणि वर सात दिवस. आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत आल्या. फरक फक्त दोन दिवसांचा! बरोबर त्याच दिवशी जन्मणारी बाळं मात्र शंभरात चार-पाचच असतात. पुढे मी जे आठवडे सांगणार आहे ते सगळे पाळीपासून मोजलेले, म्हणजे तुमच्या फाइलवर लिहिलेले असतात तेच.

हा हिशोब आधी सांगायचं कारण आहे. आपल्याकडे दिवस गेल्याची बातमी पहिले तीन महिने फोडत नाहीत. कौतुक सुरू होतं ते पोट दिसायला लागल्यावर, आणि डोहाळजेवण होतं सातव्या महिन्यात. हिरवी साडी, फुलांचे दागिने, आवडीचे पदार्थ, सगळं तेव्हा. बाळाचे अवयव मात्र दहाव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ सगळे आकाराला आलेले असतात. जपायची खरी गरज असते तेव्हा घरात कुणाला पत्ताही नसतो, कधीकधी खुद्द आईलाही नसतो. हे प्रत्येक घरात पोचावं असं मला फार वाटतं.

बातमी लपवण्यामागची भीती खोटी नाही. गर्भपात बहुतांशी पहिल्या तीन महिन्यांतच होतात. पण त्यातले निम्म्याच्या आसपास गुणसूत्रांच्या वाटणीतच चूक झाल्यामुळे होतात. ती चूक बीज फळतं तेव्हाच झालेली असते. बादली उचलली म्हणून नाही, जिना चढली म्हणून नाही, कुणाची दृष्ट लागली म्हणून तर नाहीच. ज्या बाईचा गर्भ पडला तिला ‘तू काय केलंस?’ असं विचारणं थांबायला हवं.

सीताफळ आणि करंजी

स्त्रीबीज एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. नजर चांगली असेल तर सुईच्या टोकासारखा ठिपका दिसेल. बीजवाहिनीत त्याची शुक्राणूशी गाठ पडते आणि सुमारे ३० तासांनी एका पेशीच्या दोन होतात. मग चार, आठ, सोळा. चौथ्या दिवशी पेशींचा जो गोळा तयार होतो त्याचं शास्त्रीय नाव तुतीच्या फळावरून पडलं आहे. मला तो हुबेहूब सीताफळासारखा वाटतो. गंमत म्हणजे या सगळ्या वाटण्या होताना गोळ्याचा आकार वाढत नाही. पेशी फक्त लहान लहान होत जातात.

पाचव्या दिवशी गोळा आतून पोकळ होतो आणि पहिली मोठी विभागणी होते. आतल्या बाजूला जमलेल्या मूठभर पेशींपासून बाळ होणार, बाहेरच्या थरापासून वार. म्हणजे वार ही मुख्यतः बाळानेच उभी केलेली असते, आई फक्त तिला जागा आणि रक्त देते. सहाव्या ते दहाव्या दिवसात हा गोळा गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो आणि एक संप्रेरक सोडायला लागतो. घरी लघवीच्या तपासणीत दोन रेघा उमटतात त्या याच संप्रेरकामुळे. पुष्कळदा गोळा रुजतच नाही, पाळी वेळेवर येते, आणि काही घडून गेलं हे कुणालाच कळत नाही.

पुढच्या आठवड्यात, म्हणजे पाळी चुकते त्या सुमारास, सगळ्यात मोठी उलथापालथ होते. पेशींच्या चपट्या चकतीचे तीन पदर होतात. वरच्या पदरापासून त्वचा, मेंदू आणि नसा. मधल्यापासून हाडं, स्नायू, हृदय, रक्त, मूत्रपिंडं. खालच्यापासून आतड्याचं अस्तर, यकृत, फुप्फुसांचं अस्तर. माणसाच्या अंगातला प्रत्येक अवयव या तीन पदरांतून येतो.

मग वरच्या पदराच्या मधोमध एक खोलगट रेघ पडते. तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, एकमेकींकडे झुकतात आणि जुळतात. करंजी भरल्यावर आपण कडा जुळवून दाबतो ना, अगदी तसंच. सुरुवात मानेच्या भागात होते आणि तिथून एक टोक डोक्याकडे, दुसरं कमरेकडे बंद होत जातं. या नळीचा पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. सहाव्या आठवड्याच्या अखेरीस ती दोन्हीकडून बंद झालेली असते. वरचं टोक उघडं राहिलं तर कवटी आणि मेंदू घडत नाहीत आणि बाळ वाचत नाही. खालचं उघडं राहिलं तर पाठीच्या कण्यात फट राहते. पाय लुळे पडू शकतात, लघवीवरचा ताबा जाऊ शकतो.

आता तारखा मोजा. सहावा आठवडा संपला म्हणजे पाळी फक्त दोन आठवडे लांबली. कितीजणी तोवर ‘होईल उद्या-परवा’ म्हणून वाट बघत असतात!

ही करंजी नीट मिटावी म्हणून फॉलिक ॲसिड लागतं. पेशीच्या दोन होताना आतल्या जनुकीय मजकुराची नक्कल करावी लागते आणि त्या कामाला फोलेट हवंच. या शोधाचा पहिला धागा मुंबईत सापडला. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे आली. गरोदर बायकांना, त्यातही गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना, एक विशिष्ट प्रकारचा भयंकर रक्तक्षय व्हायचा. कारण जंतू नसून आहार असावा असं विल्सना वाटलं. यीस्टपासून बनणारा मार्माइट नावाचा स्वस्त, काळपट अर्क त्यांनी रुग्णांना दिला आणि रक्त भराभर सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फोलेट हे बऱ्याच नंतर कळलं. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला तेव्हा लॅटिनमधल्या ‘पान’ या शब्दावरून त्याला फॉलिक ॲसिड नाव मिळालं. आणि १९९१ मध्ये सात देशांत मिळून झालेल्या एका मोठ्या चाचणीने दाखवलं, की आधीच्या बाळात असा दोष असलेल्या बायकांनी गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटतं.

‘आधीपासून’ हा शब्द महत्त्वाचा. मूल हवं असं दोघांनी ठरवलं की त्याच दिवशी ४०० मायक्रोग्रॅमची गोळी सुरू करावी, निदान महिनाभर आधी. आधीच्या बाळाला असा त्रास असेल, आकडीची औषधं चालू असतील किंवा मधुमेह असेल, तर डोस वेगळा लागू शकतो. तो डॉक्टरांनीच ठरवायचा. मधुमेह असलेल्या बाईने दिवस राहण्यापूर्वीच साखर आटोक्यात आणणंही तितकंच गरजेचं, कारण वाढलेल्या साखरेमुळे याच पहिल्या आठवड्यांत हृदय आणि कण्याचे दोष होतात. चौथ्या महिन्यापासून आशाताई किंवा उपकेंद्राकडून मिळणाऱ्या लाल गोळ्यांत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. त्या १८० दिवस न चुकता घ्यायच्या. शी काळी होते म्हणून बंद करू नयेत.

ठोका

सहाव्या आठवड्यात हृदय धडधडायला लागतं. तेव्हा ते चार कप्प्यांचं नसतं, नुसती एक वळलेली नळी असते, आणि अख्खा गर्भ तांदळाच्या दाण्याहून लहान असतो. सोनोग्राफीत ठोका दिसतो साधारण सहा-साडेसहा आठवड्यांना. वेग सुरुवातीला मिनिटाला ११० च्या आसपास, नवव्या आठवड्यात १७० पर्यंत चढतो आणि मग उतरून ११० ते १६० मध्ये स्थिरावतो. पहिल्या सोनोग्राफीत ठोका दिसला नाही तर पुष्कळदा तारखेचा हिशोब चुकलेला असतो, बीजधारणा उशिरा झालेली असते. म्हणूनच डॉक्टर आठ-दहा दिवसांनी परत बोलावतात. ते दिवस जीवघेणे असतात हे खरं, पण तेवढ्यावरून वाईट अर्थ काढू नये.

डोहाळे हा शब्द ‘दोहद’पासून आला. सुश्रुतसंहिता सांगते, की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून त्या स्त्रीला दौहृदिनी, दोन हृदयांची, म्हणायचं आणि तिच्या इच्छा पुरवायच्या. पोटात डोकावायचं कसलंही साधन नसताना केलेली ही कल्पना मला फार सुंदर वाटते. आता आपल्याला दिसतं, की दोन हृदयं सहाव्या आठवड्यापासूनच असतात.

सातवा ते दहावा आठवडा म्हणजे नुसती लगबग. हातापायांचे कोंब फुटतात. हाताचा पंजा आधी पळीसारखा सपाट असतो. बोटांच्या मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरून जातात आणि बोटं सुटी होतात. शेपटी असते, ती आक्रसत जाऊन तिचं माकडहाड उरतं. डोळे बाजूला असतात, ते समोर येतात. कान मानेपाशी असतात, ते वर सरकतात. आतडी तर इतक्या झपाट्याने वाढतात, की पोटात मावतच नाहीत. ती नाळेत शिरतात, तिथे वाढतात, वळतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत पोटात परत येऊन आपापल्या जागी बसतात. दहावा आठवडा संपताना गर्भ डोक्यापासून बुडापर्यंत जेमतेम तीन सेंटिमीटर असतो, मोठ्या बोराएवढा, आणि सगळं काही त्या बोरात असतं. इथून पुढचं काम मुख्यतः वाढण्याचं आणि पिकण्याचं.

थॅलिडोमाइडची गोष्ट इथेच सांगायला हवी. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचं औषध बाजारात आलं. मळमळीवर गुणकारी म्हणून अनेक देशांतल्या गरोदर बायकांनी ते घेतलं. १९६१ मध्ये ते मागे घेतलं गेलं तोवर दहा हजारांहून अधिक बाळं हातपाय खुरटलेली, कान नसलेली अशी जन्मली होती. पुढे लक्षात आलं, की बीजधारणेनंतरच्या २० ते ३६ दिवसांतच ते असा घात करतं. हातपायांचे कोंब फुटतात ते हेच दिवस. म्हणजे औषध कोणतं याइतकंच ते कोणत्या आठवड्यात घेतलं हेही मोलाचं. म्हणून पाळी चुकली असेल, चुकण्याची शक्यता असेल, तर मेडिकलच्या दुकानातून परस्पर गोळी आणू नये. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर या काळात अत्यंत घातक. आणि मिश्री. गावाकडे पुष्कळजणींना ती तंबाखू वाटतच नाही, दात घासायची पूड वाटते. मुंबईत झालेल्या अभ्यासातही मिश्रीसारखी तंबाखू वापरणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन कमी भरलं आहे.

मुलगा की मुलगी हे ठरलेलं असतं पहिल्याच क्षणी, आणि ठरतं ते वडिलांच्या शुक्राणूवरून. नवव्या आठवड्यापर्यंत बाहेरून दोघं सारखीच दिसतात. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, देशभराचा कायदा १९९४ चा. तरीही मुली झाल्या म्हणून बोलणी खातात त्या आयाच. हा निव्वळ अन्याय आहे.

नाळ, वार आणि अभिमन्यू

आईचं रक्त बाळाच्या अंगात वाहतं असा समज आहे. तसं नाही. वारेत दोघांची रक्तं एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी वाहतात, मिसळत नाहीत. प्राणवायू, साखर, क्षार इकडून तिकडे जातात, टाकाऊ पदार्थ तिकडून इकडे येतात. बाळाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं. ते प्राणवायू आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा घट्ट धरतं, म्हणूनच तो ओढून घेऊ शकतं. आईचं हिमोग्लोबिन कमी म्हणजे या देवघेवीचं भांडवलच कमी. दारू आणि निकोटिनला मात्र हा पडदा अडवत नाही.

बाळ आठव्या आठवड्यापासूनच हलत असतं, पण आईला ते कळतं पहिल्या खेपेला १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास, दुसऱ्या खेपेला थोडं आधी. वार पुढच्या बाजूला असेल तर उशीर लागतो. याच सुमाराला सगळे अवयव नीट तपासणारी मोठी सोनोग्राफी करतात. ती पुढे ढकलू नये. काही गंभीर निघालं तर पुढच्या तपासण्यांना आणि निर्णयाला वेळ हाताशी लागतो. २०२१ पासून कायद्याने काही परिस्थितींत गर्भपाताची मुदत २४ आठवडे केली आहे आणि गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ त्यापुढेही परवानगी देऊ शकतं.

ऐकू यायला लागतं २४-२५ आठवड्यांच्या आसपास. अभिमन्यूची कथा आपल्या सगळ्यांच्या मनात असते. चक्रव्यूह काही पोटात शिकता येत नाही, बाळाला शब्दांचा अर्थ कळत नाही. पण १९८० मध्ये झालेल्या एका प्रयोगात दोन-तीन दिवसांची बाळं आईचाच आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलताना दिसली. आवाज आणि त्याची लय त्यांना आधीच ओळखीची झालेली असते. तेव्हा गर्भसंस्काराच्या नावाखाली हजारो रुपये मोजायची गरज नाही. आईने बोलावं, गुणगुणावं, ओव्या म्हणाव्यात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या हालचालींवर मात्र रोज लक्ष ठेवावं. त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर उद्याची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

सातव्याचं आणि आठव्याचं

‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’ हे वाक्य अजूनही कानावर येतं. हा समज केवळ आपला नाही, हिप्पोक्रेटिसच्या नावावरच्या जुन्या ग्रीक लिखाणातही तो आहे. पण तो चुकीचा आहे, आणि त्यापायी आठव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आशा सोडून देणं जिवावर बेतू शकतं. आत काढलेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो, आणि त्याचं मुख्य कारण फुप्फुसं.

ओली प्लास्टिकची पिशवी दाबली की तिच्या बाजू चिकटतात. फुप्फुसांतले बारीक फुगे श्वास सोडताना तसेच चिकटले असते. तसं होऊ नये म्हणून त्यांच्या आत साबणासारखा एक थर असतो. तो २४ व्या आठवड्यापासून थोडा थोडा तयार होतो आणि पुरेसा होतो ३४-३५ व्या आठवड्यापर्यंत. त्याआधी जन्मलेल्या बाळांचा दम या थराअभावी लागतो हे १९५९ मध्ये कळलं. पुढे न्यूझीलंडच्या ग्रॅहम लिगिन्स यांच्या ध्यानात आलं, की जन्माआधी स्टेरॉइड दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरं अपेक्षेपेक्षा जास्त काळ श्वास घेत तग धरतात. त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिलं, की आईला हे इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पिकतात. आपल्या सरकारी रुग्णालयांतही ते देतात. पुरता गुण यायला दिवसभर तरी लागतो, म्हणून दिवस भरण्याआधी कळा आल्या किंवा पाणी गेलं तर घरी थांबू नये.

शेवटचे आठवडे नुसतं बाळसं धरायचे नसतात. विसाव्या आठवड्यात मेंदू बाहेरून जवळजवळ गुळगुळीत असतो, घड्या पडतात त्या शेवटच्या तीन महिन्यांत. ३५ व्या आठवड्यात त्याचं वजन दिवस भरलेल्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश असतं. म्हणून पत्रिका चांगली यावी यासाठी मुहूर्त काढून सदतिसाव्या आठवड्यात सिझेरियन करून घेणं मला पटत नाही. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर ३९ आठवडे पूर्ण होऊ द्यावेत.

वजनाबद्दल पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांत केलेला अभ्यास जगभर गाजला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं किरकोळ दिसली तरी त्यांच्यात कमी भरले ते स्नायू आणि अवयव. चरबी त्या मानाने टिकून होती. अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका जास्त. आणि बाळाच्या आकाराशी नातं दिसलं ते आईने किती उष्मांक खाल्ले याच्यापेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध किती वेळा खाल्लं याच्याशी. ‘दोघांचं खा’ म्हणत तूप वाढण्यापेक्षा मेथी, चवळई, अंबाडी ताटात रोज असणं जास्त कामाचं.

जन्माच्या वेळी तर काही मिनिटांत सगळी व्यवस्था बदलते. पोटात असताना फुप्फुसांना फारसं रक्त लागत नाही, म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक खिडकी असते आणि फुप्फुसांना वळसा घालणारी एक नळी. पहिल्या रडण्याबरोबर फुप्फुसं हवेने भरतात, रक्त तिकडे धावतं, दाब उलटा होतो आणि खिडकीची झडप मिटते. नळी पुढच्या दोन-तीन दिवसांत आक्रसते. बाळ रडलं, ठीक असलं, तर नाळ कापायची घाई करत नाहीत, निदान एक मिनिट थांबतात. तेवढ्यात वारेत उरलेलं बाळाचंच रक्त त्याच्याकडे येतं आणि त्यातलं लोह पुढचे कितीतरी महिने पुरतं. मग नाळेतला ठोका मंदावतो, चिमटा लागतो, कात्री चालते. साधारण अर्ध्या तासाच्या आत अर्ध्या किलोची ती वारही पडते.